फॉर्म्युला स्टुडंट गाडीसाठी १० इंची रिम घ्यावी की १३ इंची?

प्रश्न
नमस्कार. पुण्यातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी केटीएम ३९० मोटरसायकलच्या इंजिनावर नवी गाडी बांधत आहे. मागच्या गाडीला १३ इंची रिमवर २०.५ इंच व्यासाचे हूझियर कंपनीचे टायर होते. या वेळी १० इंची रिमवर १८ इंच व्यासाचे टायर लावावेत, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. वजन घटेल याबद्दल दुमत नाही. मात्र ब्रेक आणि अपराइट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा भाग) एवढ्याशा जागेत कसे बसवायचे, यावर गाडे अडले आहे. निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा?

उत्तर १
सुरुवात रिमपासून न करता टायरपासून करावी. चालकासह गाडी पावणेतीनशे किलोच्या आसपास भरत असेल, तर एका टायरवर सरासरी सत्तर किलोच भार येतो आणि तेवढ्या भारावर मोठा टायर लवकर तापत नाही, म्हणजे पूर्ण पकड मिळायला वेळ लागतो. छोट्या फेऱ्यांच्या ट्रॅकवर हा तोटा चांगलाच जाणवतो. टायर टेस्ट कन्सॉर्शियमची (संघांसाठी टायरच्या चाचण्या घेणाऱ्या गटाची) मोजमापे मिळवा आणि तुमच्या गाडीला वळणावर प्रत्यक्ष येणाऱ्या भाराला, दाबाला आणि कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) दोन्ही टायर किती बाजूचे बल देतात, ते शेजारी शेजारी मांडून पाहा. त्या चाचण्या खरखरीत पट्ट्यावर घेतलेल्या असतात, त्यामुळे डांबरावर तेवढी पकड मिळेल असे धरू नका. आकडे केवळ तुलनेसाठी वापरा.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, पण खरी कसोटी चाकाच्या आत आहे. टायर २०.५ वरून १८ इंचांवर आला की तेवढ्याच ब्रेकबलासाठी लागणारा टॉर्क सुमारे १२ टक्क्यांनी कमी होतो. डिस्क मात्र २२० मिलीमीटरवरून १८० वर आणावी लागली, तर तिचा व्यास १८ टक्क्यांनी घटतो. म्हणजे कॅलिपरला (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला) अधिक जोर लावावा लागेल आणि लहान डिस्क अधिक तापेल. ब्रेक चाचणीत चारही चाके लॉक व्हावीच लागतात, म्हणून हा हिशेब आधी करा.

दुसरी बाब अपराइटची. वरच्या आणि खालच्या विशबोनच्या (अपराइटला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांमधील उभे अंतर कमी झाले की वळणावर त्या सांध्यांवरील बल वाढते आणि बेअरिंगमधील किंचित ढिलाईसुद्धा कॅम्बरमध्ये मोठी होऊन दिसते. किंगपिन (ज्या अक्षाभोवती चाक वळते तो) चाकाच्या आत पुरेसा सरकला नाही, तर स्क्रब रेडियस (तो अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर) वाढून स्टिअरिंग जड होते. लवचिक अपराइटवरच्या १० इंची चाकांपेक्षा ताठ अपराइटवरची १३ इंची चाके मी केव्हाही पसंत करीन, कारण चालकाला गाडीवर विश्वास ठेवता आला पाहिजे. तुमच्या कार्यशाळेत अपराइट अचूक मशीन होत असतील, तर मात्र १० इंचीच घ्या.

उत्तर ३
गिअरिंग विसरू नका. लहान टायर त्याच वेगाला सुमारे १.१४ पट फिरतो, म्हणून मागील स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) ४० दात्यांचे असेल तर आता ३५ चे पुरते. तेही हलके आणि लहान. टायर परदेशातून येतात व कस्टममध्ये अडकू शकतात, त्यामुळे मागणी आराखडा पक्का होताच नोंदवा आणि आलेले टायर उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. १८ इंची टायरसाठी रिमची रुंदी ६ इंच ठेवावी की ७?

उत्तर २
७ इंची रिमवर टायरच्या बाजूच्या भिंती अधिक ताणलेल्या राहतात आणि स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो. ६ इंची रिम हलकी असते. कन्सॉर्शियमच्या आकड्यांत हा फरक तपासा. तो किरकोळ दिसला तर ६ इंची घेऊन वाचलेले वजन पदरात पाडून घ्या.