शब्दचर्चा : ‘मीडियन हाउसहोल्ड इन्कम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
अमेरिकेतल्या काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) ‘मीडियन हाउसहोल्ड इन्कम’च्या तक्त्यांचं मराठीकरण चालू आहे. ‘मध्यम कौटुंबिक उत्पन्न’, ‘सरासरी घरटी उत्पन्न’ आणि ‘मध्यक उत्पन्न’ असे तीन पर्याय समोर आहेत. शिवाय ‘एस्टिमेट’ला अंदाज म्हणावं की अनुमान?

प्रतिसाद
‘मध्यम’ नको. म्हाडाच्या जाहिरातींमुळे ‘मध्यम उत्पन्न’ म्हटलं की वाचकाला अल्प आणि उच्च यांच्यामधला गट आठवतो. ‘सरासरी’ तर चूकच. समजा, सात घरांची वार्षिक उत्पन्नं हजार डॉलरमध्ये २८, ३५, ४१, ५२, ६०, ७५ आणि ४०० आहेत. चढत्या क्रमानं लावल्यावर चौथं घर मधलं, म्हणजे मध्यक ५२. सरासरी मात्र जवळजवळ ९९ निघते आणि सातांपैकी सहा घरं तिच्या खाली राहतात. शालेय पुस्तकांत मध्य (मीन), मध्यक (मीडियन), बहुलक (मोड) हे शब्द रुळलेले आहेत, तेच वापरा.

‘घरटी’ हा शब्द फार छान आहे, पण इथे फसवतो. दरडोई, घरटी, एकरी या सगळ्यांत भागाकार गृहीत असतो, त्यामुळे ‘घरटी उत्पन्न’ म्हणजे सरासरीच.

प्रतिसाद
खरी अडचण ‘हाउसहोल्ड’ची आहे. आपल्या जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. ‘चूल वेगळी झाली’ म्हणतो तेव्हा आपल्याला हेच म्हणायचं असतं. अमेरिकेत मोजणी चुलीवरून होत नाही, राहत्या जागेवरून होते. एका सदनिकेत राहणारे सगळे मिळून एक हाउसहोल्ड : एकटा राहणारा माणूसही, नातं नसलेले तीन मित्रही. वसतिगृहं आणि तुरुंग मात्र हाउसहोल्डमध्ये धरत नाहीत. ‘फॅमिली’ला मात्र जन्म, विवाह किंवा दत्तक या नात्यानं बांधलेली किमान दोन माणसं लागतात. तक्त्यात दोन्ही रकाने शेजारी येतात. दोन्हींना ‘कुटुंब’ म्हटलं, तर वाचकाला एकाच गोष्टीचे दोन वेगळे आकडे दिसतील. म्हणून हाउसहोल्डला ‘घर’ आणि फॅमिलीला ‘कुटुंब’ म्हणावं. पूर्ण शब्दप्रयोग : ‘घरांचं मध्यक उत्पन्न’.

प्रतिसाद
‘अंदाज’ की ‘अनुमान’ हे ठरवण्यासाठी आकडा कसा तयार होतो ते पाहावं लागेल. सेन्सस ब्युरोचं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे हे नमुना सर्वेक्षण आहे. त्याचे एका वर्षाचे आकडे ६५,००० किंवा जास्त लोकसंख्येच्या जागांपुरतेच छापतात. लहान काउंट्यांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे नमुन्यात किती घरं येणार!

म्हणून सेन्सस ब्युरोच्या ‘सायपे’ (स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स) या कार्यक्रमात सर्वेक्षणाच्या आकड्याला प्रतिगमनाची (रिग्रेशन : इतर माहितीवरून आकडा काढायचं गणित) जोड देतात. त्यात प्राप्तिकर विवरणांमधलं मध्यक उत्पन्न वगैरे चलं असतात. ते विवरण म्हणजे घर नव्हे : लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं दोन विवरणं भरतं. शिवाय करपात्र उत्पन्नात भांडवली नफा येतो, सर्वेक्षणाच्या उत्पन्नात येत नाही. म्हणून करातला आकडा जसाच्या तसा उचलत नाहीत, त्याचा चल म्हणून उपयोग करतात. पर्वतावरचा धूर पाहून अग्नी ओळखणं ते हेच. म्हणून ‘अनुमान’. ‘अंदाज’ म्हटलं की हवामानासारखं भविष्य डोळ्यांपुढे येतं; हे आकडे तर सरलेल्या वर्षाचे असतात.

प्रश्नकर्ता
दोन आकडे जोडतात म्हणजे सरासरी काढतात का?

प्रतिसाद
भारित सरासरी. ज्याची त्रुटी कमी त्याला वजन जास्त. समजा सर्वेक्षण ४८,००० सांगतं आणि त्रुटिसीमा (मार्जिन ऑफ एरर) ९,८७० आहे. ती ९० टक्के विश्वासपातळीची असते, म्हणून १.६४५ नं भागायचं : प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) ६,०००. प्रतिगमन ५४,००० सांगतं, त्रुटी ३,०००. दोन्ही त्रुटींचे वर्ग ३६ आणि ९ यांच्या प्रमाणात आहेत, तेव्हा सर्वेक्षणाचं वजन ९ भागिले ४५, म्हणजे ०.२. उत्तर ५२,८००. सायपेमध्ये हे उत्पन्नाच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) करतात, इथे सोयीसाठी डॉलरवर केलंय. न भागता ९,८७० च प्रमाण त्रुटी धरली, तर सर्वेक्षणाचं वजन ०.०८ वर येतं आणि त्या काउंटीचा स्वतःचा आवाजच दबतो. भाषांतरात ‘त्रुटिसीमा’ आणि ‘प्रमाण त्रुटी’ यांची सरमिसळ झाली की नेमकं हेच होतं.

प्रतिसाद
तळटिपेत दोन गोष्टी घालाच. काउंट्यांच्या मध्यकांची सरासरी काढून राज्याचा मध्यक मिळत नाही. आणि पाच वर्षांच्या आकड्यांत २०१८–२०२२ ची तुलना २०१९–२०२३ शी करू नये, त्यांत चार वर्षं सामाईक आहेत. २०१३–२०१७ शी करावी.

‘काउंटी’ तशीच ठेवा. जुन्या भाषांतरांत ‘परगणा’ दिसतो, पण लुइझियानात तिच्या जागी पॅरिश असतो आणि अलास्कात बरो; तिन्हींना परगणा म्हटलं तर तक्त्यातली नावं मूळ नावांशी जुळवता येणार नाहीत.