पेरूजवळचा समुद्र तापला तर बीडला पाऊस का अडतो?

निळासागर
"एल निनो हा घाबरवण्याचा धंदा आहे, पेरूजवळ पाणी तापलं तर बीडच्या पावसाचा काय संबंध?" ही पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. वाचून राहवलं नाही. संबंध हवेच्या दाबाचा आहे. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर दाब चढला की उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरतो, आणि उलटही. हा हेलकावा गिल्बर्ट वॉकर यांनी भारतात हवामान वेधशाळांचे प्रमुख असताना शोधला, तोही मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत. दाब का हलतो ते १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी समुद्राशी जोडून दाखवलं. पूर्व पॅसिफिक तापला की तिथला दाब उतरतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे मंदावतात, पाणी आणखी तापतं. इकडे आपल्या बाजूला हवा खाली बसते आणि ढग वाढत नाहीत. आजची हवा दोन आठवड्यांपलीकडे काही सांगत नाही; समुद्राची ऊब मात्र महिनोन्महिने टिकते. मोसमाचा कल ओळखायचा तर समुद्राकडेच बघावं लागणार.

कोरडवाहू
ताहिती-डार्विन आम्हालाही पाठ आहे. १९९७ चं बोला. एवढा जोरदार एल निनो, आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के! २००२ चा त्यापेक्षा कितीतरी साधा. हवामान खात्याने सामान्य पाऊस सांगितला आणि जुलै निम्मा कोरडा गेला. मग म्हणायचं, हिंद महासागरामुळे असं झालं, मध्य पॅसिफिक जास्त तापला म्हणून तसं झालं. मागाहून कारण सांगणं म्हणजे अंदाज नव्हे.

निळासागर
२०१५ चा एल निनो का वगळलात? जूनच्या सुरुवातीला ८८ टक्के सांगितलं होतं, झाला ८६. हेही मागाहून का?

कोरडवाहू
२०१५ घ्या तुमच्या पारड्यात. पण देशाच्या सरासरीवर माझं सोयाबीन येत नाही.

शिवारातून
अंदाज राहू द्या, पडलेला पाऊस तरी धड मोजा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमचं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात वाळलं. पावसाचा २१ दिवसांचा खंड भरला की विम्याचा २५ टक्के अग्रिम, म्हणजे आगाऊ भरपाई, मिळणार होता. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र डोंगरापलीकडे. तिथे मधेच एक सर आली, अडीच मिलिमीटरच्या वर नोंद झाली आणि विमा कंपनी म्हणाली, खंड मोडला. आमच्या रानात थेंब नाही. वडिलांनी तहसीलच्या खेपा घातल्या, कोणी रान बघायलासुद्धा आलं नाही.

निळासागर
वाईट झालं, पण धागा विम्याचा नाही.

शिवारातून
तुमच्यासाठी नसेल! दाब, समुद्र, वारे हे सगळं शेवटी त्या यंत्रातल्या आकड्यावरच येतं ना? तोच आकडा खोटा असेल तर तुमची मॉडेलं कशाच्या जोरावर तपासता?

पर्जन्यमापक
यांचं बरोबर आहे. आमच्याकडचं यंत्र शाळेच्या भिंतीला खेटून आहे, वर लिंबाची फांदी. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मोकळं हवं. सांगून थकलो.

कोरडवाहू
पुण्याच्या हवामान कार्यालयात बसून पॅसिफिकचा नकाशा रंगवणाऱ्यांना हे दिसत नाही.

निळासागर
असं बोलू नका. नकाशे रंगवणाऱ्यांनीच ३१ जुलै २०२३ ला ऑगस्ट सरासरीपेक्षा कमी जाईल हे सांगितलं होतं. देशभरात तूट निघाली ३६ टक्के. एवढी मोठी असेल हे सांगता आलं नाही, हे मान्य. पण दिशा बरोबर होती, आणि ती समुद्रावरूनच कळली. यंत्राच्या जागेचा मुद्दाही मान्य. त्यात समुद्राचा दोष काय?

कोरडवाहू
दिशा बरोबर होती, ठीक. तरी एप्रिलच्या अंदाजावर मी बियाणं घेणार नाही. मार्च-एप्रिलात पॅसिफिक पुढे कुठे वळणार हेच पक्कं नसतं, हे तुमचेच लोक सांगतात. जूनचा अंदाज बघेन, तोही कर्ज किती काढायचं ते ठरवण्यापुरता.

पर्जन्यमापक
शिवारातून, यंत्राचा आणि आजूबाजूच्या जागेचा फोटो काढून ठेवा. भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. मीही आमचं मोजतो, दोन्ही मंडळांचा अर्ज एकत्र कृषी अधिकाऱ्यांकडे देऊ.