विषय: डेटनची सहल – मिग बघायची ती कशी?

प्रेषक: शिल्पा (सहल समिती)

नमस्कार मंडळी,
शनिवारी ओहायोतल्या डेटनचं एअर फोर्स म्युझियम नक्की. तिकीट नाही, पार्किंगही फुकट. चार मोठ्या इमारती आहेत, पोरं दमायच्या आत काय बघायचं ते ठरवू या. मुकुंदकाका, तुम्ही नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात मिगवरच, म्हणजे त्या रशियन लढाऊ विमानांवरच होतात ना? चार ओळी टाका की.

---

प्रेषक: मुकुंदकाका

शिल्पा, चार ओळींत भागायचं नाही, आधीच सांगतो.

कोरियन युद्धाच्या दालनातलं मिग-१५ पहिलं बघा. ते पळवून आणलेलं विमान आहे. २१ सप्टेंबर १९५३ ला, युद्ध थांबून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नो कुम-सोक हा २१ वर्षांचा उत्तर कोरियन वैमानिक ते घेऊन सोलजवळच्या किम्पो तळावर उतरला. तेही धावपट्टीच्या उलट्या टोकाकडून! मिग आणून देणाऱ्याला अमेरिकेने एक लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, पण या पठ्ठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. नंतर अमेरिकेने जाहीर केलं की ज्याचं असेल त्याने विमान घेऊन जावं. कोणी फिरकलं नाही. गंमत म्हणजे मिग-१५चं इंजिन मुळात इंग्रजांचं. १९४६ मध्ये ब्रिटनने रशियनांना रोल्स-रॉइसची नीन इंजिनं विकली, त्यांनी ती उघडून आपली बनवली.

मिग-२१ वर मला बोलायला लावाल तर बस तिथेच थांबेल. नाकातला तो सुळका तेवढा मुलांना दाखवा. वेग वाढला की तो पुढे सरकतो, म्हणजे आत जाणारी हवा इंजिनाला झेपेल इतकी मंदावते. रडारही त्याच सुळक्यात. उतरताना वेग इतका की शेपटीकडून पॅराशूट सोडावं लागायचं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला आपल्या हवाईदलाने मिग-२१ला निरोप दिला, तो मी इथे टीव्हीवर पाहिला.

---

प्रेषक: अभिजित

काका, मस्त. पण मिग-२५ राहिलंच की! बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक ते घेऊन जपानला पळाला, अमेरिकनांनी उघडलं तर आत पोलादी पत्रा आणि आपल्या आजोबांच्या रेडिओतले व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या. इतका बागुलबुवा कशाचा केला होता मग?

---

प्रेषक: मुकुंदकाका

अभिजित, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

चौथ्या इमारतीत एक्सबी-७० व्हाल्किरी हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान उभं आहे, पांढरं, सहा इंजिनांचं. जगात एकच उरलंय. दुसरं १९६६ मध्ये हवेत टक्कर होऊन पडलं. ध्वनीच्या तिप्पट वेगाने, ७० हजार फुटांवरून बॉम्ब टाकायला जायचं, असा त्याचा बेत. त्याला गाठायचं कसं, हा प्रश्न मॉस्कोला पडला आणि त्यातून मिग-२५ निघालं. त्यामुळे व्हाल्किरीसमोर उभं राहून मिग-२५चा विचार कर, मग तो पत्रा वेगळा दिसेल.

त्या वेगाला हवेच्या घर्षणाने अंग भाजतं, ॲल्युमिनियम टिकत नाही. टायटॅनियम टिकतं, पण ते जोडताना वेल्डरचा जीव जातो. (तिसऱ्या इमारतीतलं एसआर-७१ हे अमेरिकन टेहळणी विमान टायटॅनियमचं आहे. त्यातलं बरंचसं अमेरिकेने मध्यस्थांकरवी सोव्हिएत संघातूनच आणवलं होतं!) रशियनांना शेकड्यांनी विमानं हवी होती, म्हणून त्यांनी निकेलचं पोलाद घेतलं आणि वेल्डिंग केलं. सुमारे ८० टक्के विमान पोलादाचं. व्हॉल्व्हचंही तसंच. रडारची ताकद ६०० किलोवॅट, समोरच्याने रडार आंधळं करायला कितीही जॅमिंग केलं तरी त्यातून आरपार बघायचं. तेव्हाच्या ट्रान्झिस्टरला ते जमलं नसतं.

---

प्रेषक: अभिजित

मान्य, पण ज्याच्यासाठी बनवलं ते व्हाल्किरी १९६१ मध्येच बारगळलं. मग रिकाम्या वजनात २० टनांचं, वळायला बोजड, पल्ला तोकडा असं विमान हाती उरलं. सरळ रेषेत पळण्यापलीकडे करायचं काय त्याचं?

---

प्रेषक: मुकुंदकाका

टेहळणी! १९७१ मध्ये इजिप्तमधून सिनाईवर जायचं, इस्रायली फँटम लढाऊ विमानं खालून हात चोळत बसायची. एकदा म्हणे वेग ध्वनीच्या ३.२ पटीवर गेला आणि परतल्यावर इंजिनं भंगारात. ती इंजिनं मुळात वैमानिकाविना, एकदाच उडवायच्या विमानासाठी आखलेली, त्यामुळे आयुष्य बेताचंच. आपल्या हवाईदलानेही १९८१ पासून २००६ पर्यंत बरेलीला ती ठेवली होती, 'गरुड' नावाने. आणि ऑगस्ट १९७७ मध्ये फेदोतोव्ह या सोव्हिएत चाचणी वैमानिकाने त्याच जातीचं विमान ३७,६५० मीटरवर नेलं. जेट विमानांचा तो उंचीचा विक्रम अजून मोडलेला नाही.

बागुलबुवा अमेरिकेनेच केला. १९६७ च्या प्रदर्शनात ते मोठे पंख पाहून त्यांना वाटलं, हे भलतंच चपळ असणार. पंख मोठे होते ते वजन उचलायला. पण त्या धास्तीपायी एफ-१५ हे लढाऊ विमान असं घडवलं की कित्येक वर्षं त्याच्या तोडीचं सापडणं मुश्कील होतं. तेही म्युझियममध्ये आहे. मिग-२५ मात्र दालनात दिसेलच असं धरू नका. इराकच्या वाळूत पुरलेलं एक २००३ मध्ये सापडून इकडे आलं होतं, पंखांशिवाय.

---

प्रेषक: शिल्पा

काका, अभिजित, बाकीचं बसमध्ये भांडा. क्रम असा धरते: मिग-१५, मिग-२१, एसआर-७१, एफ-१५, शेवटी व्हाल्किरी.

---

प्रेषक: अभिजित

काका, थंडाव्यासाठी मिग-२५मध्ये अल्कोहोल भरायचे आणि जमिनीवरची मंडळी ते प्यायची, हे खरं का?

---

प्रेषक: मुकुंदकाका

अगदी खरं. इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायला पाणी आणि स्पिरिट, शेकडो लिटर. तळावर त्या विमानाला 'उडतं रेस्टॉरंट' म्हणायचे. हे मुलांसमोर नको.

---

प्रेषक: शिल्पा

ही यादी सगळ्यांना जाते, मुलांनाही. असो. बस ८ वाजता निघेल, डबे प्रत्येकाने आपापले, मसालेभात मात्र समितीकडून. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवा.