जुने सन्मानफलक आणि ढाली संग्रहात कशा ठेवाव्यात?

पितळीपट्टी:
नमस्कार मंडळी. संस्थेच्या छोट्या संग्रहालयाचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. साठवणीच्या खोलीत 140 च्या आसपास सन्मानफलक आणि ढाली आहेत. बहुतेकांना लाकडी पाट आणि त्यावर कोरलेली पितळी पट्टी, काही चांदीचा मुलामा दिलेल्या, थोडे अ‍ॅक्रिलिकचे. सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी कपाटात एकावर एक रचलेत. पितळेवर काळे ठिपके आलेत, दोन पट्ट्या सुटून आल्यात. आधी पॉलिश करून घ्यावं का? आणि नंतर ठेवायचे कशात?

जपणूक:
पॉलिशची बाटली कृपया उघडू नका. दरवेळी धातूचा एक थर जातो आणि पट्टीवरची अक्षरं मुळात उथळ कोरलेली असतात. अशा ढाली मी पाहिल्यात, नाव बोटाला लागतं पण डोळ्यांना वाचता येत नाही. पितळेवर बहुधा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, थर असतो. काळे ठिपके तो थर जिथे फाटला तिथले असतात, पॉलिशने फाट आणखी वाढते. शिवाय अमोनिया असलेल्या पॉलिशने ताणाखालच्या पितळेला तडे जाऊ शकतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, हातात नायट्राइलचे हातमोजे घाला, तेवढं पुरे. उघड्या हाताच्या घामाचे ठसे काही महिन्यांनी धातूत कायमचे उमटतात.

कपाटवाला:
जपणूक यांना अनुमोदन. आता जागेबद्दल. खरं दुखणं लाकडी कपाटात आहे. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ यांतून अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते. शिशाचं काही त्याच कपाटात असेल तर त्यावर पांढरी भुकटी धरते. म्हणून शिसं असलेली जुनी पदकं या ढालींशेजारी ठेवू नका. वर्तमानपत्राचा कागदही आम्लयुक्त असतो, तो आजच काढा. पावडर कोटिंग केलेले लोखंडी रॅक सर्वांत बरे, खालचा कप्पा जमिनीपासून किमान 10-15 सेंमी वर.

पितळीपट्टी:
पण ढालीचा पाटच लाकडी आहे! मग पेटीत बंद केली तर तीच वाफ आत कोंडणार ना?

कपाटवाला:
अगदी बरोबर पकडलंत. म्हणूनच लाकडी पाटाच्या ढाली हवाबंद प्लॅस्टिकमध्ये घालत नाहीत. आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, आत पॉलिथिलीन फोमचे आधार, हवेला थोडी वाट. एकावर एक नाही, फोमचे दुभाजक घालून उभ्या ठेवा. ज्यांच्या पट्ट्या किंवा अक्षरं सैल आहेत त्या मात्र आडव्या, एका थरात. कपाट बदलणं लगेच जमत नसेल तर कपाटाला आतल्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, वाफ अडवणारी बॅरिअर फिल्म लावून घ्या.

जपणूक:
चांदीच्या मुलाम्याला वेगळा शत्रू आहे, गंधक. लोकरी फेल्ट, रबर, काही मखमली यांतून ते येतं, आणि मुलामा इतका पातळ की काळेपणा घासला तर तोच निघून जातो. पीव्हीसीचे पाऊचही नकोत, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. एखाद्या साहित्याबद्दल शंका असेल तर ऑडी चाचणी असते: ते साहित्य चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्यांसोबत दमट हवेत 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस बंद ठेवायचं आणि पट्ट्या गंजल्या का ते पाहायचं. ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 साली ती सुरू झाली. छोट्या संग्रहालयाला स्वतः करायची गरज नाही, चाचणीत उतरलेलं साहित्य मागायचं.

खोलीतली हवा:
आर्द्रतेचं कोणी बोललं नाही. नुसता धातू असता तर जितकं कोरडं तितकं चांगलं म्हटलं असतं. पण फार कोरड्या हवेत लाकडी पाट आकसतो, व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सुटतं, स्क्रूपाशी चीर पडते. त्यामुळे 45 ते 55 टक्क्यांच्या आत स्थिर ठेवा. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. एक आर्द्रतामापक रॅकवरच ठेवा. पाटाखाली बारीक भुसा दिसला तर तो फलक लगेच पॉलिथिलीन पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर न्या, लाकूड पोखरणारे किडे असतील. कीड आहे की नाही हे कळेपर्यंतच तो पिशवीत राहू दे.

पितळीपट्टी:
मनापासून आभार. सुटलेल्या दोन पट्ट्यांचं काय? चिकटवून टाकू?

जपणूक:
नका. छोट्या पॉलिथिलीन पिशवीत घाला, ढालीचाच नोंदणी क्रमांक लिहा आणि त्याच पेटीत ठेवा. क्रमांकासाठी स्टिकर किंवा चिकटपट्टी वापरू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही नको, बारीक भेगांचं जाळं उठतं.

आणि हे सगळं करायच्या आधी प्रत्येक पट्टीचा तिरप्या उजेडात फोटो काढा, मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या शुद्धलेखनासकट, उतरवून घ्या. ज्या व्यक्तीला तो मान मिळाला तिचं नाव कित्येकदा फक्त त्या पट्टीवरच असतं.

पितळीपट्टी:
उद्यापासून फोटोच सुरू करतो. सुटलेल्या दोन पट्ट्या सर्वांत आधी.