विषय: बाईंच्या नावाने काय करायचं?

प्रेषक: माई (सध्या मुक्काम औसा)

नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात घाईत निघाले, कुणाला नीट सांगता आलं नाही. माझी मैत्रीण गेली. स्तनाचा कॅन्सर. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एकोणीस वर्षं सोबत शिकवलं. एकाच एसटीने जायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो. सगळं गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचं.

यंदा तिच्या घरी येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, नव्हती. शेजाऱ्यांनीच आंबिलीचं बिंदगं आणि भज्जी आणून दिली. जेवण झाल्यावर लेकाने तिची टाचणवही माझ्या हातात ठेवली. हिरव्या शाईतलं तेच वळणदार अक्षर. समासात दर एकवीस दिवसांनी एका तारखेला गोल केलेला, खाली ‘बार्शी’, आणि त्या दिवशी तिचा वर्ग कोण घेणार त्याचं नाव. केमोला जाताना मुरूड, येडशी करत गाडी बार्शीला पोचेपर्यंत ती पेपर तपासायची.

गाठ तिला आंघोळ करताना हाताला लागली होती. मला फोनवर सांगितलं ते आठ महिन्यांनी. “काय बी दुखंना बघ, मग कशाला जायचं म्हणलं. अन् पोरांची शिष्यवृत्तीची परीक्षा होती.” सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत मीसुद्धा नाही. हे मला फार लागलंय.

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण लुटू नये, ते पैसे तिच्या नावाने इथे लावावेत, असं मनात आहे.
माई

प्रेषक: खजिनदार

माई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वाणाच्या पैशांना कुणाचीच हरकत नाही. कार्यकारिणीत दोन सूचना आल्या: शाळेत बाईंच्या नावाची संगमरवरी पाटी, किंवा वर्गणी वाढवून तालुक्याला मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) यंत्र. तुम्ही तिथे आहात, तुम्हीच सांगा.

प्रेषक: माई

पाटी नको. आपलं नाव फळ्यावरसुद्धा न लिहिणारी बाई होती ती.

यंत्राचंही मन होत नाही. ते चालवायला माणूस हवा, फिल्म वाचायला डॉक्टर हवा, नाहीतर खोलीला कुलूप. मुंबईत टाटा मेमोरियलने वीस वर्षं एक अभ्यास केला, 2021 साली तो प्रसिद्ध झाला. दीड लाखाहून जास्त बायका. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी त्यातल्या साधारण निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. सरकारच्या कार्यक्रमातही तिशीनंतर अशी तपासणी आहेच. पण बायका आपण होऊन आरोग्य केंद्रात जात नाहीत. लेकरासाठी शाळेत मात्र येतात. माता-पालक मेळाव्याला आमचं अंगण भरतं. तपासणी तिथेच ठेवू या. आणि जिला गाठ लागेल तिला पुढे न्यायला एसटीचं भाडं, त्या दिवसाची मजुरी, आणि सोबत एक बाई. पैसे यासाठी हवेत.

प्रेषक: डॉक्टरताई (मूळ नांदेड)

माई, पूर्ण पटलं. दोनच गोष्टी सांगते. तपासणारी शिकलेलीच असू दे, हौसेने कुणी हात लावू नये. आणि सापडलेल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आधी मोठ्याने सांगा, नाहीतर भीतीने कुणी पुढेच येणार नाही. पण नक्की काय ते सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सीनेच (गाठीचा तुकडा काढून तपासल्यावरच) कळतं. तिथे चालढकल नको. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडीला खळी पडणं, काखेत गाठ, हेही सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं मेळाव्यातच तपासून घ्या, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. सुट्टीत आले की मी स्वतः येते.

प्रेषक: माई

ताई, जरूर या. आज शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापक हो म्हणाले, आरोग्यसेविकेशीही बोलणं झालं. तपासणीला बाईंचाच वर्ग मिळालाय, कोपऱ्यातला. खिडक्या चार, पडदा एकीलाही नाही. आधी पडदे शिवायला टाकते. त्याची पावती खजिनदारांना पाठवीन.