छोट्या पडद्यावर मराठी वाचताना : तुमचे अनुभव

परवा लोकलमध्ये शेजारच्या काकू फोनवर लेख वाचत होत्या. दोन बोटं ताणून अक्षर मोठं करायचं, मग ओळ संपेपर्यंत पान डावीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी पुन्हा उलटं. मुलुंड ते डोंबिवली एक परिच्छेद! नुसतं झूम करून भागत नाही, अक्षर वाढलं की ओळी पडद्याच्या रुंदीत नव्याने बसायला हव्यात. तुम्ही कसं जमवता? बटणांच्या फोनचे किस्सेही येऊ द्या.

गच्चीवरचा कावळा : माझा फोन 2 इंची, साल 2010. मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. हॉस्टेलमधल्या एकाने ऑपेरा मिनी या ब्राउझरची मेख सांगितली. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं (अर्थात इंग्रजीत) आणि अगदी खालच्या बिटमॅप फॉन्टच्या पर्यायाला ‘यस’ करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. फोनला मराठी येत नव्हतं, तरी जोडाक्षरं झकास दिसायची! डेटा जास्त जायचा, पण त्या रात्री मी दोनपर्यंत जागा होतो.

चष्मा विसरले : मी क्रोमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन अक्षर 150 टक्के केलंय. ओळी आपोआप जुळतात. काही पानांवर बोटांनी झूमच होत नाही, कारण बनवणाऱ्याने ते बंद केलेलं असतं. तिथेच ‘फोर्स एनेबल झूम’ अशी खूण आहे, ती केली की त्यांचं काही चालत नाही. लेकाने दहा सेकंदांत करून दिलं, उसासा टाकून.

उंबरठा : फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू. जाहिराती जातात, मजकूर उरतो. पुरे.

अर्धा कप : मी वेबपानं बनवण्याचंच काम करतो, म्हणून थोडं आमच्या बाजूने. 2007 च्या आयफोनपासून फोनचा ब्राउझर जुनं पान 980 पिक्सेल रुंद धरतो आणि आवळून दाखवतो, म्हणून अक्षर मुंगीएवढं. ‘फोनच्या रुंदीइतकं मांड’ असं सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ पानात लागते. ती असूनही मराठीची पंचाईत होते, कारण मोजमापं रोमन अक्षरं बघून ठरवलेली. ओळींत जागा कमी ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. मराठीला अक्षरही मोठं लागतं आणि ओळीही सैल.

बांधावरून : वाचणं जमतं हो, फॉर्म भरणं जमत नाही. शेतीच्या एका अर्जात कीबोर्ड वर आला की ‘पुढे’चं बटण त्याच्याखाली. फोन आडवा केला तर फक्त कीबोर्डच दिसला. ‘डेस्कटॉप साइट’ करून पाहिलं, बटण सापडलं, तोवर वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. शेवटी तालुक्याला जाऊन भरला.

चष्मा विसरले : @अर्धा कप, आणि अनुस्वाराचं काय? परवा ‘गावात दगा’ वाचून भावाला फोन लावला. दंगा होता.