मांजरांपासून बुलबुलाची पिल्लं कशी वाचवू?
नमस्कार मंडळी, इंदिरानगरात आमच्या घरामागे जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाचं घरटं आहे, जेमतेम छातीएवढ्या उंचीवर. पिल्लांना पिसं फुटलीत. ही पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात, काही दिवस झुडपात, जमिनीवर टुणटुणत राहतात. गल्लीतली मांजरं कंपाउंडवर टपूनच बसलेली असतात. पाण्याचं भांडं झुडपापासून लांब, उंचावर टांगलंय. खोडाला पत्रा गुंडाळावा, तर जास्वंदीला बुंध्यापासूनच फांद्या. खाली बोराटी पसरली तर पिल्लांनाच लागेल का? मांजरांना इजा करायची नाही. कृपया विषबिष सुचवू नका. नाशिकमध्ये भटक्या मांजरांची नसबंदी कुठे होते? आणि शेजारच्या काकू त्यांना प्रेमाने दूध घालतात, काकूंना न दुखवता हे थांबवायला कसं सांगू?